डोकं एकच, हेल्मेट कुठलं?

स्पीडची हौस ट्रॅकवर जाऊन भागवायची ठरवलीत? ग्रेट! पण दारामागे अडकवलेलं बाइकचं हेल्मेट उचलून निघू नका. कार चालवताना लागणारं हेल्मेट वेगळंच असतं. कसं ते बघू या.

गाड्यांचं वेड संभाजीनगरला नवं नाही. १९८५ पासून वाळूजला बजाज, २००१ पासून शेंद्र्याला स्कोडा. त्यामुळे इथल्या प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण तरी असतोच, ज्याचा अर्धा पगार टायर आणि ब्रेक पॅडवर उडतो. समृद्धी महामार्ग झाल्यापासून तर काहींना घराशेजारीच रेसट्रॅक मिळाल्यासारखं वाटतंय. बॉस, तो हायवे आहे! तिथे कारला ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि पुढच्या लेनमधला ट्रकवाला काही तुमच्या रेसमध्ये उतरलेला नाही.

हौस भागवायची जागा म्हणजे ट्रॅक. तो आपल्या गावात नाही, हे मान्य. चेन्नईजवळचं ३.७ किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट ही देशातली मोठी नावं. आपल्या राज्यात कोल्हापूरनं कार्टिंगची आवड जोपासली. तिथला कृष्णराज महाडिक ब्रिटिश एफ-थ्रीपर्यंत पोचला. इंजिनिअरिंगची पोरं ‘बाहा’साठी पिथमपूरला आणि ‘फॉर्म्युला भारत’साठी कोइम्बतूरला जातात. थोडक्यात काय, सुट्टी टाकायची, चार मित्र जमवायचे आणि निघायचं. फक्त बॅगेत योग्य हेल्मेट हवं.

एका हौशी रेसरची गोष्ट

रेसिंग हेल्मेटच्या आत ‘स्नेल’ असं छापलेलं लेबल दिसतं. ही कंपनी नाही, ते एका माणसाचं आडनाव आहे. विल्यम ‘पीट’ स्नेल हा कॅलिफोर्नियातला हौशी रेसर. १९५६ मध्ये रेसमध्ये त्याची गाडी उलटली. डोक्यावर त्या काळातलं चांगलं समजलं जाणारं हेल्मेट होतं, पण ते उपयोगी पडलं नाही. डोक्याच्या दुखापतीनं पीट गेला. मग त्याचे मित्र, सोबतचे रेसर आणि डॉ. जॉर्ज स्नायव्हली यांनी १९५७ मध्ये त्याच्या नावानं एक संस्था उभारली. काम एकच : हेल्मेट आपटून, ठोकून, तपासून मगच पास करायचं.

पीट पगारी रेसर नव्हता. तुमच्या-आमच्यासारखाच, आवड म्हणून गाडी पळवणारा. म्हणून ‘आपण काय प्रोफेशनल आहोत का, साधं हेल्मेट चालेल की’ हा युक्तिवाद इथे बाद!

बाइकचं का नको?

आपल्याकडे १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. जालना रोडवर किंवा बीड बायपासला तेच हेल्मेट हवं, त्यात वाद नाही. पण ते बनतं बाइकवरून रस्त्यावर पडणाऱ्या माणसासाठी.

कारमध्ये चित्र वेगळं असतं. तुम्ही सीटला बांधलेले असता. रेसकारमध्ये डोक्याभोवती लोखंडी रोल केज असतो आणि गाडी उलटली की डोकं त्याच दांडीवर पुन्हा पुन्हा आदळू शकतं. वर आगीचा धोका, आणि आतून पटकन बाहेर पडताही येत नाही. म्हणून कारसाठीच्या ‘एसए’ दर्जाच्या हेल्मेटची दांडीसारख्या गोल ऐरणीवर एकाच जागी अनेकदा आपटून परीक्षा होते. त्याला ज्योतही लावून बघतात. ती ठरावीक सेकंदांत विझली नाही तर हेल्मेट नापास! बाइकसाठीच्या ‘एम’ दर्जात ही आगीची परीक्षा नसते.

उलटा प्रयोगही नको. एसए हेल्मेटची समोरची खिडकी अरुंद असली तरी चालते, पण बाइकवर दोन्ही बाजूंचं नीट दिसायला हवं. शिवाय त्यावर आयएसआय मार्क नसेल, तर रस्त्यावर ते कायद्यातही बसत नाही.

लेबलची भाषा

ग्राफिक्स नंतर बघा, आधी आतलं अस्तर उचलून लेबल शोधा. ‘एसए’ म्हणजे कार, ‘एम’ म्हणजे मोटरसायकल, ‘के’ म्हणजे कार्टिंग. पुढचा आकडा त्या नियमावलीचं वर्ष सांगतो, जसं एसए२०२० किंवा एसए२०२५. दुसरा फंडा एफआयएचा : ८८५९ हा रेसिंगचा नेहमीचा दर्जा, ८८६० त्याहून कडक आणि महागडा. हौशी माणसाला एसए किंवा ८८५९ पुरेसा. दोन्ही छाप असलेलं मिळालं तर उत्तमच.

कुठल्या दिवशी काय चालेल, हे मात्र आयोजक ठरवतात. काही ट्रॅक डेला बाइकचं हेल्मेट चालवून घेतात, रेसला सहसा नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी नियमावली मागवून वाचा. स्क्रुटिनीत हेल्मेट नापास झालं, तर हजार किलोमीटर प्रवास करून तुम्ही नुसते टाळ्या वाजवत बसाल.

फिटिंग म्हणजे सबकुछ

जगातलं सगळ्यात महाग हेल्मेट सैल बसत असेल तर ते टोपीच्या लायकीचं. भुवयांच्या थोडं वर टेप धरा, डोक्याचा घेर मोजा आणि त्या कंपनीचा चार्ट बघा. एका कंपनीचं ‘मीडियम’ दुसरीला ‘लार्ज’ होऊ शकतं. शिवाय कुणाचं डोकं गोल, कुणाचं लांबट. म्हणून मित्राला फिट बसलं ते तुम्हाला बसेलच असं नाही.

घालून डोकं हलवा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडीही सरकली पाहिजे. गाल थोडे दाबले गेले तर चांगलंच, नवं आहे तोवर तसंच हवं. पट्टा बांधून मागून पुढे ओढून बघा. डोक्यावरून निघालं तर दुकानातच ठेवा. पंधरा-वीस मिनिटं घालून बसा. कपाळावर एकाच जागी ठणकलं तर आकार चुकलाय. आणि उंच मंडळींनो, हेल्मेट घालून स्वतःच्या गाडीत बसून बघाच! हॅचबॅकच्या छताला टेकलं तर सगळी मजा तिथेच संपते.

मान विसरू नका

१८ फेब्रुवारी २००१ ला डेटोनाच्या रेसमध्ये डेल अर्नहार्ट गेला, तो कवटीच्या तळाचं हाड तुटून. गाडी अचानक थांबते, पट्ट्यांमुळे छाती थांबते, पण डोकं पुढे जात राहतं. त्यावर उपाय आधीच होता : मिशिगनचे प्रा. रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा रेसर मेहुणा जिम डाउनिंग यांनी बनवलेलं ‘हान्स’. खांद्यांवर बसणारी ही कॉलर पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेली असते. २००३ मध्ये ती फॉर्म्युला वनमध्ये सक्तीची झाली.

पण हान्स चालतं ते दोन्ही खांद्यांवरून येणाऱ्या रेसिंग हार्नेसबरोबर. तुमच्या रोजच्या गाडीतल्या साध्या सीटबेल्टला ते कामाचं नाही. तरीही हेल्मेट घेताना हान्सचे क्लिप बसवायची सोय असलेलंच घ्या. हौस वाढत जाते, अनुभव आहे सगळ्यांचा!

खरेदीला जाताना

* सेकंडहँड नको. आतला थर्माकोलसारखा फोम चेपून धक्का झेलतो, आणि एकदा चेपला की परत फुगत नाही. बाहेरून ते कळतही नाही.
* जोरात आपटलं की रिटायर करा. नाही आपटलं तरी पाचेक वर्षांनी बदललेलं बरं.
* स्वतः रंगवू नका, थिनर लावू नका. मराठवाड्याच्या मे महिन्यात डिकीत तर ठेवूच नका.
* आत घालायला आग न पकडणारी बालाक्लाव्हा घ्या. घामही टिपते.
* चष्मा असेल तर तो लावून ट्राय करा.
* कार रेसिंगचं हेल्मेट पाच आकड्यांत जातं. बजेट नसेल तर आधी कार्टिंग करा, तिथे हेल्मेट भाड्यानं किंवा तिकिटातच मिळतं.

शेवटी एक गंमत. स्नेलच्या लॅबमध्ये हेल्मेट साधारण तीन मीटरवरून आपटतात. म्हणजे आदळतानाचा वेग ताशी २८ किलोमीटरच्या आसपास. स्पीडोमीटरवर १५० दिसताना हा आकडा आठवा. हेल्मेट शेवटचा फटका झेलतं, बाकीचं काम ब्रेकचं आणि तुमच्या शहाणपणाचं. म्हणून नव्या अलॉय व्हील्सची ऑर्डर थोडी पुढे ढकला आणि आधी मोजायची टेप काढा!