मांडवापूर्वीचा दस्तऐवज

लग्न ठरले म्हणजे आपल्याकडे याद होते. दोन्हींकडील वडीलधारी मंडळी बैठकीस बसतात, कागदाला हळदकुंकू लावतात, आणि मांडव कोणी घालावा, वऱ्हाडाचे जेवण कोणाकडे असावे, मुलीच्या अंगावर किती तोळे सोने जावे, मानपान कोणाकोणाचा करावा, येथपर्यंतचा तपशील कलमवार लिहून त्याखाली उभय पक्षांच्या सह्या होतात. दोन दिवसांच्या खर्चाविषयी एवढी दक्षता बाळगणारा समाज त्या दोन जीवांच्या पुढील सबंध आयुष्यातील मिळकतीविषयी मात्र एक अक्षर लिहीत नाही, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आली आहे. आणि उरण तालुक्यात तर ती विशेषच खटकते.

भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर पिढ्यानपिढ्या जगलेल्या या तालुक्यातील जमीन १९७० पासून नवी मुंबईच्या उभारणीसाठी संपादनाखाली गेली. जानेवारी १९८४ मध्ये याच तालुक्यातील जासईचे सुपुत्र दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले, आणि त्या बलिदानातूनच संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ खातेदारांस परत देण्याचे तत्त्व पुढे सरकारदरबारी मान्य झाले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले; १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल यांचे उद्घाटन एकाच दिवशी झाले; आणि ज्या शेताने वर्षाचे तांदूळ कसेबसे पुरवले, त्याच्या बदल्यात मिळालेला भूखंड आज कित्येक घरांची सर्वांत मोठी मालमत्ता होऊन बसला आहे.

अशा घरात जेव्हा धवलारीण लग्नविधीचे धवळे गाते आणि मांडवात हळद लागते, तेव्हा वधूचा हक्क तिच्या माहेरच्या भूखंडात असतोच. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलीस जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीतील वाटेकरी, मानले, परंतु त्या दिवसापूर्वी ज्यांचा विवाह झाला त्या मुलींना वगळले. एकाच बापाच्या दोन लेकींपैकी थोरली केवळ आधी उजवली म्हणून वंचित राहिली. केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने हा भेद मिटविला, आणि विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असले पाहिजेत ही शंकाही निकालात काढली. तरी व्यवहारात काय घडते? भाऊ म्हणतात, "ताई, हक्कसोडपत्रावर सही कर"; सासरची माणसे म्हणतात, "हिस्सा घेऊन ये". दोन्ही बाजूंनी ओढली जाणारी ही मुलगी मनात आणूनही स्वतःपुरता निर्णय घेऊ शकत नाही. माहेरकडून येणारा हिस्सा सर्वस्वी तिचा, तो घ्यावा की सोडावा याचा अधिकार तिचा, आणि सासरच्या कोणी त्यासाठी तगादा लावू नये, असे विवाहापूर्वीच लिहून वराने त्यावर सही केली, तर निदान एका बाजूचा ताण कमी होतो. विवाहपूर्व करारनाम्याचा मला दिसणारा सर्वांत मोठा लाभ हाच आहे.

हा विचार परक्या देशातून आणावा लागत नाही. शेजारच्या गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या वारशामुळे विवाहापूर्वी नोटरीपुढे करार करण्याची मुभा हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान अशा सर्वांना आहे. करार न केल्यास पतिपत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि एकाच्या संमतीवाचून दुसऱ्यास स्थावर विकता येत नाही. मुस्लिम विवाहात तर निकाहनामा हा मुळातच करार असून मेहेर त्यात लिहिली जाते.

गोव्याबाहेरील हिंदू दांपत्यांस मात्र असा स्पष्ट आधार नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्याकडील न्यायालये १८७२ च्या करार कायद्यातील सार्वजनिक धोरणाच्या कसोटीवर असे दस्त तपासतात; पत्नीला तिच्या माहेरच्या घरातून कधीही हलविणार नाही, हा वराचा विवाहपूर्व करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ मध्येच अग्राह्य ठरविला होता. पोटगीचा हक्क कराराने सोडून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. मुलांचा ताबा तर त्यांच्या हितावरच ठरतो. घटस्फोट झाल्यास अमुक रकमेवर मुकाट्याने समाधान मानावे, असे कलम घालून कोणी सुनेची सही घेऊ पाहील, तर त्या कागदास मी करार म्हणणार नाही.

तथापि मर्यादा असली म्हणून कागद निरुपयोगी होत नाही. विवाहाच्या दिवशी कोणाच्या नावावर काय होते, कोणाच्या डोक्यावर किती कर्ज होते, याची कबुली पुढे पुरावा म्हणून उपयोगी पडते. उभयतांच्या पगारातून हप्ते जाऊन घर एकाच्याच नावावर चढते, असे आज सर्रास होते. कोणाचा वाटा किती, हे आधी लिहिले असल्यास भांडणाचे मूळच नाहीसे होते. सासरच्या वडिलोपार्जित भूखंडात सुनेला जन्मसिद्ध हिस्सा नसतो, म्हणून तिचे राहणे कोठे, हेही लिहावे.

एक कागद तर कायद्यानेच सांगितला आहे, आणि तो क्वचितच कोणी करतो. हुंडा प्रतिबंधक कायद्याखालील १९८५ च्या नियमांनुसार वधूस व वरास मिळालेल्या भेटींच्या याद्या लिहावयाच्या असतात: प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव, नाते असल्यास नाते, आणि खाली दोघांच्या सह्या. स्त्रीधन ही स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी प्रतिभा राणी खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु पाटल्या कोणाच्या आणि गोठ कोणी घातले हे सिद्ध करताना ही यादीच हाताशी नसते.

साखरपुडा आणि लग्न यांमधील अवधी या कामास पुरेसा असतो. वधूवरांनी आपापली मिळकत व कर्जे लपवाछपवी न करता मांडावी, मुद्रांकित कागदावर मजकूर उतरवून दोन साक्षीदार घ्यावे, आणि स्थावराचा हक्क निर्माण होत वा सुटत असेल तर दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा. मुलीने आपला वकील स्वतंत्र नेमावा, आणि मजकूर समजल्यावाचून, कितीही घाई असली तरी, सही करू नये.