पारदर्शक भागांचा जीर्णोद्धार

आमच्या उज्जयिनीत जीर्णोद्धार हा शब्द उच्चारताच जयसिंगपुऱ्यातील वेधशाळा डोळ्यांपुढे येते. सवाई जयसिंहाने उभारलेली ती यंत्रे दीर्घकाळ उपेक्षित राहिली आणि 1923 साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत, गोविंद सदाशिव आपटे प्रभृती ज्योतिर्विदांच्या आग्रहाने, पुन्हा वेध घेण्यास योग्य झाली. मी आज ज्या जीर्णोद्धाराविषयी बोलणार आहे, तो मात्र अंगठ्याच्या पेरावर मावणारा आहे.

गेल्या श्रावणात माझा पुतण्या एक छोटे विमान घेऊन आला. ते नॅट विमान होते. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरच्या आकाशात निर्मलजीत सिंग सेखों यांनी ज्यातून झुंज दिली, त्याच जातीचे. बहात्तरांश प्रमाणातील या प्रतिकृतीच्या पंखांचा विस्तार जेमतेम नऊ सेंटीमीटर. माझ्या दिवंगत भावाने ती अर्धवट जोडून ठेवली होती. मुलाने वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक आच्छादन क्षणात चिकटणाऱ्या डिंकाने बसवले, आणि सकाळी पाहतो तो ते दुधाळलेले!

असे का व्हावे? या डिंकाची वाफ हवेतील ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होते आणि पांढऱ्या कणांच्या रूपाने आसपास बसते. पावसाळी हवेत तर हे फार सहज घडते. सुदैव एवढेच की, हा थर पृष्ठभागावरचा असतो. उतावळा मनुष्य येथे थिनर किंवा नखांचा रंग काढण्याचे द्रव शोधतो. त्याने तसे मुळीच करू नये. पॉलिस्टायरीन त्यात विरघळते.

आतूनही पुसणे अवश्य असल्याने विमान काही तास बर्फाच्या खणात ठेवले. गारठ्याने हा डिंक ठिसूळ होतो. पातळ पात्याने आच्छादन अलगद सुटले. बाहेरून घासताना ते दबून तडकू नये म्हणून आत खेळण्यातली मऊ माती भरली. मग 1000, 1500 आणि 2000 क्रमांकाचा वॉटर पेपर, भरपूर पाण्यासह. दर खेपेस घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते कळते. पुढे साधी पांढरी दंतमंजनाची पेस्ट कापसावर घेऊन हलक्या हाताने फिरवावी. घाई केली की घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक मऊ पडते. माती काढून आतली बाजूही याच पेस्टने, काडीला कापूस गुंडाळून, साफ केली.

धुऊन वाळवल्यावर ते फरशीच्या पारदर्शक ॲक्रिलिक पॉलिशमध्ये बुडवले, टिपकागदावर निथळवले आणि धूळ बसू नये म्हणून दिवसभर वाटीखाली झाकले. यामागील तत्त्व सुबोध आहे. सूक्ष्म ओरखड्यात हवा असते, तिचा अपवर्तनांक 1, पॉलिस्टायरीनचा 1.59. या तफावतीमुळे प्रकाश विखुरतो. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे 1.49 असल्याने ओरखडा भरताच तो जवळजवळ दिसेनासा होतो. आतवर गेलेली चीर मात्र याने बुजत नाही. आमच्या आच्छादनाच्या मागच्या कडेला तशी एक होती. ती चौकटीच्या रंगाखाली दडवली.

या खेपेस ते पांढऱ्या फेव्हिकॉलने बसवले. तो वाळल्यावर पारदर्शक होतो आणि त्याला तशी वाफ नसते. मुलाने विमान खिडकीपाशी धरले. आतले इवलेसे आसन स्पष्ट दिसत होते, आणि त्यावर माझ्या भावाने रंगवलेले दोन पट्टेही.