पोवळं टिकलं तर धंदा टिकेल!

आपल्या कुंडलिकेत पाणी बघायचं तर पावसाळ्याची वाट पाहावी लागते, आणि इथे विषय चाललाय समुद्राच्या तळाचा! पण होस्टेलवर सहलीची चर्चा निघाली की निम्मी पोरं 'मालवण, तारकर्ली' म्हणतातच. जालन्याहून सहाशेहून जास्त किलोमीटर गाडीत बसायचं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करायचं आणि पाण्याखालचा फोटो काढून आणायचा. त्या फोटोत मागे जे दिसतं ते प्रवाळ, म्हणजेच पोवळं. ते टिकवण्यात तिथल्या धंदेवाल्यांचा वाटा काय, ते थोडक्यात पाहू.

प्रवाळ म्हणजे काय?

दिसायला दगड, पण आहे प्राणी. पॉलिप नावाचे बारीक जीव वसाहत करून राहतात आणि स्वतःभोवती कॅल्शियम कार्बोनेटचा सांगाडा बांधतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल असतं. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं पॉलिपला देतं. पाणी फार तापलं की हे शैवाल बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं.

मोठ्या गोलसर प्रवाळाची वाढ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर. म्हणजे आपली इंजिनिअरिंगची चार वर्षं होईपर्यंत चार सेंटिमीटर. (एटीकेटी लागली तर पाच!) जगातल्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्री जीवांच्या सुमारे पाव जाती त्यांच्या आधाराने जगतात.

कायदा आला, पण...

मालवणच्या प्रवाळाची नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 1979 साली प्रसिद्ध केली. 1987 मध्ये 29.12 चौरस किलोमीटरचं मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांनी त्याला विरोध केला. त्यांचंही चुकीचं नव्हतं, पोट त्यावरच होतं. पुढे पर्यटन वाढलं. 2010 नंतरच्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पातून स्थानिक तरुणांना स्नॉर्कलिंग आणि स्कूबाचं प्रशिक्षण मिळालं. आता पोवळं जिवंत राहण्यात बोटवाल्याचाही फायदा आहे, कारण मेलेलं पोवळं बघायला पैसे देऊन कोण येणार?

वेंगुर्ल्यात 'स्वामिनी' बचत गटाच्या महिला मांडवी खाडीत होडीतून कांदळवन दाखवतात. त्याचा प्रवाळाशी काय संबंध? कांदळवनाची मुळं गाळ अडवतात. हा गाळ समुद्रात गेला तर प्रवाळावर बसतो आणि त्याचा प्रकाश अडवतो.

नांगराचं गणित

प्रवाळाला सगळ्यात जवळचा धोका म्हणजे बोटीचा नांगर. लोखंडी नांगर तळावर पडतो, साखळी वाऱ्याबरोबर गोल फिरते आणि पन्नास वर्षांची वाढ मिनिटात मोडते. यावरचा उपाय आपल्या मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल. अमेरिकेत फ्लोरिडाच्या की लार्गो इथे जॉन हॅलस यांनी 1981 साली तो वापरला. प्रवाळ नसलेल्या खडकात ड्रिलने भोक पाडायचं, त्यात स्टेनलेस स्टीलचा आय-बोल्ट सिमेंटने पक्का करायचा आणि त्याला दोरी बांधून वर तरंगता बोया सोडायचा. बोट बोयाला बांधली की नांगर टाकायची गरजच नाही. आपल्या फाउंडेशन बोल्टसारखाच हा प्रकार! खर्च एकदाचा, मात्र दोरी वेळोवेळी तपासावी लागते.

डायव्हिंगच्या दुकानांसाठी 'ग्रीन फिन्स' नावाचा उपक्रम 2004 मध्ये आग्नेय आशियात सुरू झाला. त्याचे नियमही साधेच: नांगर टाकू नका, गिऱ्हाइकाला प्रवाळावर उभं राहू देऊ नका, माशांना खायला घालू नका. माशांना ब्रेड का नको? काही मासे प्रवाळावरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवतात. आयतं मिळालं की ते काम सोडतात आणि शेवाळ माजतं.

आपण काय करायचं?

सगळी जबाबदारी बोटवाल्यावर टाकून चालणार नाही. शेजारचा शंभर रुपये कमी घेतो म्हटल्यावर आपण तिकडेच पळतो, मग नियम पाळणाऱ्याने जगायचं कसं? म्हणून पुढच्या सहलीत भाव करण्याआधी विचारा: बोट कशाला बांधता? पाण्यात उतरण्याआधी सूचना देता का? जो नीट उत्तर देईल त्यालाच पैसे द्या. पाण्यात कुठेही पाय टेकू नका. क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. आणि आठवण म्हणून पोवळ्याचा तुकडा आणू नका. खडक बांधणारी सगळी प्रवाळं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे!