गुरुवारी बारा वाजता पाण्याचा निवाडा

आवर्तन सुटलं की आमच्याकडे पिकावरच्या रोगापेक्षा पाण्याच्या तक्रारीच जास्त येतात. "साहेब, वरच्यांनी चारी फोडली, टेलला थेंब नाही." मागच्या रब्बीत अशाच एका चारीवरून दोन चुलतभाऊ कोर्टात गेले. गहू ओंबीत असतानाच वाळला. तारखा मात्र अजून चालू आहेत.

त्याच गावचा एक मुलगा युरोपात शेतीचं शिक्षण घेतोय. त्याच्या वर्गाचा अभ्यासदौरा स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात गेला होता. सुट्टीत गावी आल्यावर त्याने पारावर जे सांगितलं, ते शेतकरी बंधूंनी जरूर वाचावं.

वॅलेन्सियाच्या भोवतीची शेती तुरिया नदीच्या पाटांवर भिजते. असे मुख्य आठ पाट. प्रत्येक पाटाचे शेतकरी आपल्यातलाच एक पंच निवडतात. दर गुरुवारी दुपारी बारा वाजता शहरातल्या मोठ्या चर्चच्या दारात हे आठ पंच काळे सदरे घालून गोल बसतात. चोपदार एकेका पाटाचं नाव पुकारतो. तक्रार असेल त्याने पुढे यायचं.

तक्रारी कसल्या? पाळी सोडून पाणी घेतलं, पाट साफ केला नाही, शेजाऱ्याच्या पिकात पाणी सोडलं. म्हणजे आपल्याच! वकील नाही, कागद नाही, सगळं तोंडी. ज्या पाटाचं भांडण, त्या पाटाचा पंच निकाल देताना बाजूला राहतो. निकाल तिथल्या तिथे आणि त्यावर अपील नाही. दोषी ठरला तर दंड आणि नुकसानभरपाई.

मुलं तासभर थांबायच्या तयारीने गेली होती. पुकारा झाला, कोणी पुढे आलं नाही, पाच मिनिटांत बैठक उठली. मुलांची निराशा झाली. तेव्हा त्यांचे प्राध्यापक म्हणाले, "यातच सगळं आलं. चारचौघांत उभं राहायची लाज वाटते, म्हणून बरीच भांडणं पाटावरच मिटतात."

तिथे पाणी लिटरवर नव्हे, हिश्श्यावर वाटतात. नदी आटली की सगळ्यांचंच पाणी त्या प्रमाणात कमी होतं. ही रीत अरब अमलापासूनची. १२३८ मध्ये राजा जौमे याने शहर जिंकलं, तरी पाण्याचे जुने हक्क त्याने कायम ठेवले. २००९ साली युनेस्कोने या पंचायतीची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद घेतली.

आपल्याला हे परकं नाही. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम नद्यांवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली. तिथेही पाटकरी गावानेच नेमलेला असे. आज २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना वाटपाचा अधिकार आहे. संचालक मंडळात शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांचे शेतकरी असतात. पण अनेक ठिकाणी संस्था कागदावर आणि कुलूप दाराला!

ग्रामसेवक, सरपंच आणि संस्थेच्या अध्यक्षांना एकच सुचवणं आहे. आवर्तन चालू असेपर्यंत आठवड्याचा एक वार, एक वेळ आणि एक पार ठरवा. पाळीपत्रक तिथेच वाचून दाखवा. तक्रार सगळ्यांसमोर ऐका. ज्याच्या भावकीचं भांडण, त्या संचालकाने बाजूला बसावं.

पारावर ऐकणाऱ्यांत त्या दोघांपैकी धाकटा भाऊही होता. तो एवढंच म्हणाला, "निवाडा पीक उभं असतानाच व्हायला पायजे, साहेब. नंतर काय, नुसता कागद."