तारीख मोजा, सहीसाठी थांबू नका



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, व्याज, बियाण्याचं कर्ज हे सगळं आपण मोठ्यानं बोलतो. एक विषय मात्र बैठक उठल्यावर, चपला घालता घालता कानात बोलला जातो. "मॅडम, पाळी चुकली. घरी सांगता येत नाही. काय करू?" कर्ज रजिस्टरमध्ये कारणाच्या रकान्यात नुसतं "दवाखाना" लिहिलेलं असतं, त्यातल्या काही कर्जांचं खरं कारण हेच असतं. म्हणून या अंकात हा विषय सरळ लिहिते आहे.

आधीच सांगते, दिवस गेले तर ठेवायचे की नाही, हे हा लेख सांगणार नाही. ते जिचं पोट आहे तिनं ठरवायचं. तिनं ठरवल्यावर दार कुठं आहे आणि ते किती दिवस उघडं असतं, एवढंच इथं सांगायचं आहे.

"पोट पाडनं आता बंद झालं म्हंते नं?"

नाही, बंद झालेलं नाही. हा गैरसमज गावोगावी आहे आणि त्याचं कारणही आहे. आपल्याकडे दोन वेगळे कायदे आहेत आणि लोक ते एकात एक मिसळतात.

पहिला कायदा गर्भपाताचा, १९७१ चा. तो १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे. त्याआधी गर्भपात गुन्हा होता, बाईलासुद्धा शिक्षा होती. चोरून, काड्या-मुळ्या घालून पोट पाडताना बाया मरत होत्या. म्हणून सरकारनं १९६४ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते शांतिलाल शाह, आपल्याच महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री. त्या समितीच्या अहवालावरून हा कायदा झाला. २०२१ मध्ये त्यात सुधारणा होऊन मुदत वाढली.

दुसरा कायदा गर्भलिंग निदानाचा, १९९४ चा. पोटात मुलगा की मुलगी हे तपासणं आणि सांगणं हा त्यात गुन्हा आहे. सोनोग्राफी सेंटरवर जो बोर्ड दिसतो, तो या कायद्याचा. त्या बोर्डाकडे पाहून लोकांना वाटतं की गर्भपातच बंद आहे. बंदी आहे ती लिंग तपासण्यावर. अशी तपासणी मागणारा नवरा किंवा सासरचे लोक यांनाही तुरुंग आणि दंड आहे. बाईवर मात्र घरच्यांनी जबरदस्ती केली असंच कायदा आधी धरून चालतो.

आणखी एक. बाईच्या मनाविरुद्ध तिचं पोट पाडायला लावणं हा फार मोठा गुन्हा आहे, जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. "दोन मुली आहेत, तिसरी नको" म्हणून कुणी ओढत नेत असेल, तर कायदा त्या बाईच्या बाजूनं आहे.

"नवऱ्याची सही नाही आणली तं परत जाय म्हणे"

हे वाक्य मी दोन्ही जिल्ह्यांत ऐकलं आहे. एका वहिनीला एका दवाखान्यातून असंच परत पाठवलं. नवरा पुण्याला कंपनीत. तो दिवाळीला येणार, मग सही. तोवर दोन महिने निघून गेले.

कायद्यात नवऱ्याची सही नाही. सासूची नाही, बापाची नाही. बाई १८ वर्षांच्या वर असेल तर फक्त तिची संमती लागते. सही येत नसेल तर अंगठा चालतो. मुलगी १८ च्या आतली असेल किंवा बाईला मानसिक आजार असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. घरचं कुणी सोबत असलं तर बरंच, आधार होतो. पण सोबत येणं वेगळं आणि सहीसाठी अडवणं वेगळं.

लग्न न झालेल्या मुलीलाही हा हक्क आहे. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लग्न झालेली आणि न झालेली असा भेद करता येणार नाही. त्याच निकालात असंही म्हटलं की नवऱ्यानं जबरदस्ती केली आणि दिवस गेले, तर गर्भपाताच्या कायद्यापुरता तोही बलात्कारच धरायचा. ही गोष्ट आपण गटात दोनदा वाचून दाखवली पाहिजे.

नाव फुटण्याची भीती असते. २०२१ च्या सुधारणेनं तेही कलम घातलं आहे. बाईचं नाव आणि माहिती डॉक्टरनं बाहेर सांगितली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. १८ च्या आतली मुलगी असेल तर डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं. पण मुलीनं आणि पालकानं विनंती केली तर तिचं नाव न देता कळवता येतं, हेही त्याच २०२२ च्या निकालात आहे. म्हणून पोलिसांच्या भीतीनं अशा मुलीला घरात लपवून ठेवू नका.

आठवडे कसे मोजायचे

डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, पाळी चुकली त्या दिवसापासून नाही. म्हणजे पाळी चुकून आठ दिवस झाले, तेव्हा डॉक्टरच्या हिशोबानं पाच आठवडे झालेले असतात. इथंच आपली फसगत होते.

९ आठवड्यांपर्यंत (६३ दिवस): गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो. गोळ्या डॉक्टरनं तपासून द्यायच्या.

१२ आठवड्यांपर्यंत: नळीनं ओढून पिशवी साफ करतात. वेळ कमी लागतो. बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी येता येतं.

२० आठवड्यांपर्यंत: एका डॉक्टरचं मत पुरतं. पण १२ आठवड्यांनंतर मोठा दवाखाना आणि जास्त सोय लागते.

२० ते २४ आठवडे: दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि ठरावीक बायांनाच परवानगी मिळते. बलात्कार झालेली, १८ च्या आतली, दिवस असताना विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली, अपंग किंवा मानसिक आजार असलेली, बाळात मोठा दोष असलेली, आपत्तीत सापडलेली बाई यांत येते.

२४ च्या पुढे: बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्डाच्या परवानगीनं. बाईचा जीवच धोक्यात असेल तर डॉक्टर कधीही निर्णय घेऊ शकतात.

डॉक्टरचं मत कशावर? बाईच्या शरीराला किंवा मनाला मोठा त्रास होणार असेल, जबरदस्ती झाली असेल, बाळात दोष असेल किंवा पाळणा लांबवायचं साधन फसलं असेल, ही कारणं कायद्यात आहेत. गोळी खाऊनही राहिलं, निरोध फाटला, तांबी सरकली, हे सगळं "साधन फसलं" यातच येतं. ते डॉक्टरला लाजू नका, स्पष्ट सांगा.

आपल्याकडे वेळ कशी जाते ते तुम्हीच जाणता. "सोंगणी होऊ दे", "वेचणीची मजुरी सुटते", "पैसे आले की पाहू". सोयाबीन घरात येईपर्यंत ७ आठवड्यांचे १३ होतात. जे काम जवळ आणि एका दिवसात झालं असतं, त्याला अमरावती-अकोला गाठावं लागतं. धारणीच्या बाईला अमरावती जवळपास दीडशे किलोमीटर, तेही घाटातून. म्हणून माझं एकच मागणं आहे. पाळी आली की कॅलेंडरवर गोल करा. तारीख आठ दिवस पुढे गेली की आशा ताईकडून तपासणीची पट्टी घ्या. ती फुकट मिळते.

कुठं जायचं

आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सगळीकडे प्रशिक्षित डॉक्टर असतोच असं नाही, म्हणून आधी सिस्टरला विचारून जा. त्याच्या वर उपजिल्हा रुग्णालयं आहेत, जशी धारणी, अचलपूर, मूर्तिजापूरला. आणि जिल्ह्याला बायांचा मोठा दवाखाना. अमरावतीत आपण ज्याला डफरीन म्हणतो तो आणि अकोल्यात लेडी हार्डिंग.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार निःशुल्क आहेत. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. मग गटातून व्याजानं कर्ज काढायची वेळ का यावी? खासगीत जायचंच असेल तर गर्भपात केंद्र म्हणून सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते बघा. नसेल तर तिथून उठा.

मेडिकलमधून कुणाच्या हाती गोळ्या मागवून खाऊ नका. गोळ्या वाईट नाहीत, न तपासता खाणं वाईट. गर्भ पिशवीत नसून नळीत असेल तर गोळीनं काम होत नाही आणि नळी फुटून जीव जातो. रक्त कमी असेल, सिकलसेल असेल, दिवस जास्त झाले असतील, तर धोका आणखी वाढतो.

गोळ्या घेतल्यावर किंवा पिशवी साफ केल्यावर तासाला दोन मोठे पॅड भिजतील असा रक्तस्राव लागोपाठ दोन तास चालला, दिवसभर ताप उतरला नाही, घाण वास आला, पोटात असह्य दुखलं किंवा चक्कर आली, तर १०८ ला फोन करा आणि लगेच निघा. गोळ्या कुठून घेतल्या हे लपवू नका. डॉक्टरला उपचार करावेच लागतात.

पुन्हा ही वेळ येऊ नये म्हणून

उपकेंद्रात आणि आरोग्य केंद्रात हे फुकट मिळतं: निरोध, माला-एन गोळी, आठवड्याची छाया गोळी (पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा), तीन महिन्यांनी एकदा अंतरा इंजेक्शन आणि तांबी. तांबी पाच वर्षांची आणि दहा वर्षांची अशी दोन प्रकारची असते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही ती बसवता येते. निरोध फाटला किंवा जबरदस्ती झाली तर तातडीची गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर, तितकं चांगलं.

ऑपरेशनलाही नवऱ्याची सही सक्तीची नाही. आणि "आधी ऑपरेशनला हो म्हण, मगच गर्भपात करू" अशी अट कुणालाही घालता येत नाही. पुरुषांची नसबंदी बायांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आहे, टाका लागत नाही. पुढचे तीन महिने निरोध वापरावा लागतो एवढंच. ही गोष्ट घरी सांगायची हिंमत आपण गटातूनच एकमेकींना देऊ.

हे काही बाहेरून आलेलं नाही

कुणी म्हणेल, हे शहरातलं खूळ. तसं नाही. १८६३ मध्ये सावित्रीबाई आणि जोतिरावांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, कारण फसवलेल्या विधवांना जीव देण्यावाचून वाट नव्हती. १८८१ मध्ये सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात बाळ मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली, नंतर अपिलात ती कमी झाली. सगळा दोष बाईवर टाकलेला पाहून संतापून पुस्तक लिहिणारी बाई आपल्या वऱ्हाडातली होती, बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. त्यांचं "स्त्री-पुरुष तुलना" १८८२ साली छापलं गेलं. दोषाचा अर्धा वाटा पुरुषाचा का नाही, हे तेव्हा एका वऱ्हाडी बाईनं विचारलं होतं.

गट म्हणून आपण काय करायचं

कायदा कागदावर असतो. दवाखान्यात तो चालतो की नाही हे आपण विचारलं तरच कळतं. २००७ मध्ये राज्यात आरोग्य सेवांवर लोकांची देखरेख सुरू झाली, तेव्हा पहिल्या पाच जिल्ह्यांत अमरावती होता. गावातल्या लोकांनी जनसुनवाईत उभं राहून डॉक्टर-अधिकाऱ्यांना प्रश्न विचारले. तेच आपल्यालाही जमतं.

या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत चार ठराव घ्या.

१. आपल्या आरोग्य केंद्रात आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताची सेवा मिळते का, कोणत्या वारी, प्रशिक्षित डॉक्टर आहे का, हे लेखी विचारायचं. उत्तर गटाच्या वहीत चिकटवायचं.

२. अंतरा, छाया, तांबी उपलब्ध आहे का, हे दर तीन महिन्यांनी बघायचं. साठा संपला असेल तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला अर्ज द्यायचा.

३. प्रत्येक गटात एक "सोबतीण" ठरवायची. कुणी सांगितलं तर ती सोबत जाईल, कारण विचारणार नाही, कुठं बोलणार नाही. गाडीभाड्यापुरती थोडी रक्कम बिनव्याजी बाजूला ठेवायची.

४. नवऱ्याची सही मागून कुणाला परत पाठवलं, तर तारीख, वेळ आणि नकाराचं कारण लिहून जिल्हा शल्य चिकित्सकांच्या नावे तक्रार द्यायची. बाईचं नाव न लिहिता ग्रामसंघाच्या नावानं द्या. शंका असेल तर १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर आधी विचारा.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे आपलं तोंड. डॉक्टरनं नाव फोडलं तर कायदा आहे, पण नळावर आपण नाव फोडलं तर कायदा नाही. बाई उशिरा येते ती पुष्कळदा आपल्याच बोलण्याच्या भीतीनं. आपण गप्प राहायला शिकलो तर ती सातव्या आठवड्यातच येईल.

हा लेख बैठकीत मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी दोनदा वाचा. प्रश्न चिठ्ठीवर, नाव न लिहिता, बचतीच्या पेटीत टाका. पुढच्या भेटीत सगळ्या चिठ्ठ्या मी बैठकीतच उघडून उत्तरं देईन.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक