अनुदान आहे, पण खेपा कोण घालणार?

‘सरकार गरिबांसाठी काही करीत नाही’ हे वाक्य आपल्या घरांतून चहाबरोबर नेहमी ऐकू येते. ते खरे नाही. सरकार पुष्कळ योजना काढते; पण योजना आणि गरिबाचे दार यांच्यामध्ये एक अर्ज असतो आणि त्या अर्जाला मोकळा दिवस लागतो. गरिबाजवळ पैशाइतकाच मोकळ्या दिवसाचाही तुटवडा! गेल्या वर्षी अशा एका अर्जामागे मी स्वतः हिंडले. ती हकीकत वाचक भगिनींपुढे ठेवते, कारण ती आपल्यापैकी कोणाच्याही उपयोगी पडावी अशी आहे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईचा नवरा आजारपणात गेला. पदरात दोन मुले. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत. चार घरची कामे करून बाई खोलीचे भाडे भागवी, पण महिनाअखेरीस हात रिकामा. एके दिवशी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “काकू, धाकट्याला कुठल्या आश्रमात घेतात का हो? दोन वेळचं जेवण तरी मिळेल.” आवाजात रडे नव्हते. भाजीचा भाव विचारावा तसे तिने विचारले. माझ्याच पोटात कालवले.

नेमक्या अशाच प्रसंगासाठी महाराष्ट्र सरकारची योजना आहे. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना हे तिचे नाव. हेतू सरळ आहे: आईबापांवर संकट आले म्हणून मुलाची रवानगी संस्थेत होऊ नये, त्याने आपल्याच माणसांत वाढावे. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत त्याच्या पालनासाठी दरमहा अनुदान मिळते. पूर्वी ते ४२५ रुपये होते, पुढे ११०० झाले आणि २०२३ साली २२५० करण्यात आले. दोन्ही पालक गेले असले तरच ते मिळते असा पुष्कळांचा समज आहे, तसे नाही. एकच पालक हयात असेल, आईबाप विभक्त झाले असतील, पालक दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळला असेल किंवा तुरुंगात असेल, तरीही अर्ज करता येतो.

आता अर्जाची वाट पाहा. अर्ज द्यायचा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कचेरीत. सोबत आईचे व मुलांचे आधारकार्ड, शिधापत्रिका, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड दाखला, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, बँकेचे पासबुक आणि फोटो. मग कार्यकर्ता घरी येऊन चौकशी करतो, अहवाल लिहितो. पुढे मुलाला घेऊन बाल कल्याण समितीपुढे उभे राहायचे. बाल न्याय अधिनियम, २०१५ या कायद्याने स्थापलेली ही समिती. अध्यक्ष व चार सदस्य. त्यांनी आदेश दिला, की मंजुरी.

कागदावर हे सोपे दिसते. पण मृत्यूच्या दाखल्यावर बापाचे नाव ‘दत्तू’, शाळेच्या रजिस्टरात ‘दत्तात्रय’. दोघे एकच, हे सांगायला प्रतिज्ञापत्र. बँकेत गेलो तर वापर नसल्यामुळे खाते बंद पडलेले. कचेरीतल्या कारकुनाने एक झेरॉक्स कमी म्हणून परत पाठवले. तो उद्धट होता असे मी म्हणणार नाही. त्याच्या टेबलावर फायलींचा डोंगर होता आणि बाहेर रांग. पण काय काय आणायचे हे सगळे एकदमच सांगितले असते, तर एक खेप वाचली असती!

अशा एकंदर नऊ खेपा झाल्या. त्यांचा हिशेब आमच्या ह्यांनी एका कागदावर मांडला. बाईला महिन्याला दोन खाडे माफ. तिसऱ्यापासून पगार कापतात. शिवाय रिक्षा, झेरॉक्स, फोटो. रांगेत मुलाला बिस्किटाचा पुडा, तो वेगळाच. तिसऱ्या खेपेनंतर एका घरच्या बाईंनी तर दुसरी बाई बघण्याची भाषा केली. तेव्हा ही मला म्हणाली, “काकू, राहू द्या आता. अनुदान येईल तेव्हा येईल, हातचं काम जायचं.”

त्या बोलण्यात आळस नव्हता, चोख व्यवहार होता. पुढच्या खेपेला मीच निघाले. सही, अंगठा आणि मुलांची हजेरी यांना ती हवीच. पण रांगेत उभे राहणे, कोणता कागद कमी आहे ते विचारणे, दाखला तयार झाला का ते पाहणे, यांना ती कशाला? नऊपैकी पाच खेपा मी एकटीने घातल्या. त्या ‘दुसरी बाई’ म्हणणाऱ्या शेजारणीकडेही जाऊन बोलले. तिला कारण ठाऊकच नव्हते. ऐकल्यावर तिने खाड्याचे पैसे कापले नाहीत, उलट शाळेचा दाखला आणून दिला.

आदेश निघायला महिने लागले आणि पहिली रक्कम हाती यायला आणखी काही. पैसे दर महिन्याला नेमाने येत नाहीत. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम जमा होतात. तरी दोन मुलांचे मिळून महिना साडेचार हजार! खोलीचे भाडे सुटले. धाकटा आता पाचवीत आहे आणि आश्रमाचा विषय पुन्हा निघालेला नाही.

अशी बाई तुमच्याही ओळखीत असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. अर्ज करण्यापूर्वी सर्व कागदांवरची नावे एकमेकांशी ताडून पाहा. निम्म्या खेपा तिथेच वाचतात. कोणताही कागद दिला, की पोच मागून घ्या. उत्पन्नाच्या दाखल्यासारख्या सेवांना महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे मुदत ठरलेली आहे; ती उलटली तर अपील करता येते. आणि ‘काम करून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच वाटेला लावा.

दिवाळीला आपण बाईला बोनस देतो, साडी देतो, फराळाचा डबा भरून देतो. तो द्यावाच. पण डबा देताना मुलांची चौकशीही करा, आणि गरज दिसली तर भाऊबीज उलटताच कचेरी उघडेल त्या दिवशी सकाळी साडेदहाला तिच्याबरोबर निघा. पाण्याची बाटली मात्र न विसरता घ्या. रांग मोठी असते.