सायकलवरची वारी ही वारीच का? शिकोकूच्या ८८ देवळांची वाट

नाशिकमध्ये या विषयाची फार ओळख करून द्यावी लागत नाही. समोर बसलेल्यांपैकी काही जणांनी पंढरपूरची सायकलवारी केलेली असेल. संत निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघते आणि तीन आठवड्यांहून जास्त चालते. सायकलवाले काही दिवसांतच पोचतात. मग घरातलं एखादं मोठं माणूस विचारतंच, "अरे, ही वारी झाली की सहल?" हा प्रश्न चेष्टेचा नाही. तो सोबत घेऊनच आज आपण जपानला जाऊ.

शिकोकू हे जपानच्या चार मुख्य बेटांतलं सगळ्यात लहान बेट. त्याला वळसा घालणारी ८८ देवळांची प्रदक्षिणा आहे, सुमारे १,२०० किलोमीटरची. पायी ४० ते ५० दिवस लागतात, सायकलने त्याच्या निम्म्याहूनही कमी. हा मार्ग कूकाई या भिक्षूच्या नावाने चालतो. जन्म इ. स. ७७४, याच बेटावरचा. ८०४ मध्ये ते चीनला गेले, तिथे संस्कृत आणि मंत्रमार्ग शिकून आले. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात. ८३५ मध्ये कोया पर्वतावर ते समाधिस्थ झाले आणि अजून तिथे ध्यानात बसलेले आहेत, अशी श्रद्धा आहे. ज्ञानेश्वरांची संजीवन समाधी मानणाऱ्या आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

या वाटेचे चार टप्पे, चार प्रांतांतले. पहिल्यात बोधीची इच्छा जागी होते, दुसऱ्यात साधना. तिसऱ्याचं नाव 'बोदाई' आणि चौथ्याचं 'नेहान'. कानाला परके वाटतात ना? पण हे आपलेच बोधी आणि निर्वाण. आपल्या पांडवलेण्यांत जे भिक्षू राहिले, त्यांच्या धर्मातले शब्द. चीनमार्गे तिकडे पोचेपर्यंत उच्चार बदलले, एवढंच.

आता समजा, तुम्ही सायकलने निघालात. साधनेच्या टप्प्यात ३७ व्या देवळापासून ३८ वं देऊळ ८० किलोमीटरहून लांब आहे, म्हणजे जवळजवळ नाशिक ते शिर्डी. मध्ये नुसता समुद्र आणि रस्ता. ६६ वं देऊळ ९०० मीटरहून उंचावर, तिथे सायकलवर बसण्यापेक्षा ती ढकलणंच जास्त. शरीराचे कष्ट चुकत नाहीत. मग सायकलने चुकतं काय?

प्रत्येक देवळात वहीवर शिक्का आणि हाताने लिहिलेलं नाव मिळतं. ती खिडकी संध्याकाळी ५ वाजता बंद होते. सायकल हाताशी असली की मन म्हणतं, अजून एक देऊळ होईल. इथेच यात्रेची मोजणी सुरू होते. पायी माणसाला हा मोह कमी, कारण त्याला ते जमणारच नसतं.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी. तिथे 'ओसेत्ताई' नावाची रीत आहे. वाटेवरचे लोक यात्रेकरूला संत्री देतात, चहा देतात, कधी चार पैसे. यात्रेकरूच्या रूपाने आपण दाइशींनाच देतो, ही भावना. ते नाकारायचं नसतं. घेणाऱ्याने आपल्या नावाची कागदी पट्टी द्यायची, हात जोडायचे. पूर्वी घरातून बाहेर पडावं लागलेले कुष्ठरोगी याच दानावर ही वाट फिरत राहायचे. म्हणजे हा निव्वळ पाहुणचार नव्हता, कुणाचं तरी जगणं त्यावर चालायचं.

एक लोककथा ऐका. एमोन साबुरो नावाच्या श्रीमंताच्या दारात एक भिक्षू रोज यायचा. याने हाकललं, शेवटी त्याचं भिक्षापात्र फोडलं. मग त्याची आठही मुलं एकापाठोपाठ एक गेली. तो भिक्षू दाइशी होता हे कळल्यावर क्षमा मागायला तो बेटाभोवती वीस वेळा फिरला, भेट नाही. एकविसाव्या वेळी उलटा फिरला. १२ व्या देवळाजवळच्या डोंगरात शेवटच्या घटकेला भेट झाली. म्हणून आजही लीप वर्षात पुष्कळ जण प्रदक्षिणा उलटी करतात.

बघा, वाट सुरू कुठून होते? एका नकारापासून. दारातल्या माणसाकडे न पाहण्यापासून. सायकलचा धोका नेमका तोच आहे. रस्त्याकडेला कुणी संत्रं घेऊन उभी असलेली आजी ताशी २५ किलोमीटरच्या वेगात दिसते, पण थांबायचं राहून जातं.

तेव्हा वारी की सहल, हे चाकांवर ठरत नाही. तुम्हाला कुणी थांबवू शकतं का, यावर ठरतं. पंढरीच्या वाटेवर गावकरी पिठलं-भाकरी घेऊन उभे असतात. पुढच्या वेळी तिथे उतरा, दोन घास खा, नाव विचारा. पोचायला तासभर उशीर होईल, होऊ दे.

आणि २०२७ च्या सिंहस्थात बाजू उलटी असेल. वाटेवरून जाणारे दुसरे असतील, दारात उभे आपण. पात्र घेऊन येणाऱ्याला आपण काय म्हणतो, ते तेव्हा कळेल.